मत्स्यपेटीची हिरवी नळी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरोघर जी धुलाई चालते तिच्या तावडीतून सहसा काही सुटत नाही. माळ्यावरचे पितळी डबे खाली येतात, पंख्याची पाती पुसली जातात, पडद्यांना पाणी लागते, आणि एरवी चहाचा कपही न विसळणारे गृहस्थ स्टुलावर चढून कोळिष्टके काढताना दिसतात. एक वस्तू मात्र या धामधुमीतून हमखास निसटते. न्हाणीघराच्या दाराआड, नाही तर गॅलरीतल्या खिळ्यावर, वेटोळे घालून ती वर्षभर लोंबत असते. विकत आणली तेव्हा ती काचेसारखी पारदर्शक होती असे सांगितले तर नव्या पाहुण्याला खरे वाटणार नाही. आता ती आतून हिरवी, कोपऱ्याकोपऱ्यात काळपट आणि हाताला किंचित बुळबुळीत झालेली असते. ही मत्स्यपेटीचे पाणी बदलायची नळी.

मासे पाळण्याची हौस आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिरली त्याला बरीच कारणे आहेत. फ्लॅटमध्ये कुत्रा नको म्हणून सोसायटी डोळे वटारते, मांजराला आजीचा विरोध असतो, पोपटाला पिंजऱ्यात ठेवणे मनाला बरे वाटत नाही. मग मुलांच्या हट्टावर तडजोड म्हणून मासे येतात. मुंबईकरांपुरते बोलायचे तर १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि पुढच्या दोन पिढ्यांनी बालपणी त्या काचांना नाके लावली. त्यांतल्या कित्येकांच्या घरी पुढे दिवाणखान्यात दोन फुटांची काचेची पेटी आली, यात नवल नाही.

पेटी आली की पाणी बदलणे आले. मासे जे खातात त्याचा काही भाग अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. पेटीच्या गाळणीत आणि वाळूत राहणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जाते. म्हणून दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे घालायचे, ही जाणत्यांची रीत. तांब्याने पाणी उपसणे कंटाळवाणे, म्हणून नळी. एक टोक पेटीत, दुसरे खाली बादलीत, आणि मध्ये पाण्याची अखंड धार. शाळेच्या पुस्तकात आपण हिला 'वक्रनलिका' म्हणून पाठ केले आणि घरी सायफन म्हणू लागलो. दोन्ही पातळ्यांत जितके जास्त अंतर, तितका धारेला जास्त जोर. एवढे शास्त्र लक्षात ठेवले की पुरे.

आता शेवाळाकडे येऊ. भाषेचा मास्तर असल्यामुळे मला या शब्दाविषयी थोडी माया आहे. शाकुंतलात शेवाळाने वेढलेले कमळही सुंदरच दिसते असे दुष्यंत म्हणतो. कालिदासाला कमळ पाहायचे होते, त्याला नळी धुवायची नव्हती, हे उघड आहे. ज्ञानेश्वरांनी मात्र पाण्यातच जन्मून पाण्यालाच झाकणाऱ्या या थरासाठी 'बाबुळी' असा फार नेमका शब्द योजला आहे. आपल्या नळीतही तेच घडते. बाहेरून कोणी काही आणून टाकत नाही. जे वाढते ते त्या पाण्यातूनच वाढते.

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: ओल, उजेड आणि खाणे. पाणी बदलून झाल्यावर आपण नळी गुंडाळून टांगतो. वेटोळ्यांच्या तळाशी थोडे थोडे पाणी उरते, ती झाली ओल. नळी पारदर्शक आणि गॅलरीत ऊन, तो झाला उजेड. आणि उरलेले पाणी नायट्रेट व फॉस्फेटने भरलेले, म्हणजे चांगले खत घातलेले. सात दिवस अशी सगळी बडदास्त ठेवल्यावर शेवाळ आले नाही तरच आश्चर्य. हे दुखणे मत्स्यपेटीइतकेच जुने आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली काचेच्या भांड्यात सोनेरी मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून दोघे एकमेकांना कसे तगवतात याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनाही कुजणारी पाने आणि काचेवरचा हिरवा थर यांनी सतावले होते. त्यांनी त्यावर पाण्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी तो थर चाटून खाल्ला आणि भांडे निवळले. पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. गोगलगायीची युक्ती पेटीत आजही चालते. बारा मिलिमीटरच्या नळीत सहा मीटर चालत जायला कोणती गोगलगाय तयार होईल, हा प्रश्न मात्र वॉरिंग्टनसाहेबांपुढे नव्हता.

काही जण विचारतील, आणि विचारणे रास्तच आहे, की असेना का नळी हिरवी. शेवाळ मासे आवडीने खातात, मग बिघडले कोठे? माझे मत विचाराल तर निव्वळ हिरव्या रंगाचे मला भय नाही. भय आहे ते त्याच्याबरोबर राहणाऱ्या मंडळींचे. शेवाळाच्या खाली जिवाणूंचा एक चिकट थर असतो. तो स्वतःच्या डिंकानेच नळीला घट्ट धरून बसतो आणि त्याला उजेडाचीही गरज नसते. त्यामुळे अपारदर्शक नळी घेतली तर शेवाळ टळते, हा थर टळत नाही, आणि वर तो दिसतही नाही. वेटोळ्यात अडकलेले पाणी आठवडाभर कुजते. पुढच्या खेपेला त्याच नळीने ताजे पाणी भरायला घ्या, की नळी वाकताच थराची लक्तरे सुटून ते घाण पाणी सगळ्यांत आधी पेटीत जाते. एका पेटीत रोगट मासा असेल आणि तीच ओली नळी दुसऱ्या पेटीत गेली, तर रोगालाही आयता रस्ता मिळतो.

शिवाय धार मंदावते. बारा मिलिमीटर पोकळीच्या नळीत आतून सगळीकडे फक्त एक मिलिमीटरचा थर बसला तर पोकळी दहाची होते. वरवर पाहता हे काहीच नाही. पण हिशेब केला तर तेवढ्यानेच पाण्याचा प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो, आणि थराच्या खडबडीतपणामुळे आणखी थोडा. पेटीबाहेरच्या गाळणीला ज्या नळ्या जोडलेल्या असतात त्यांच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे. तेथे मोटार पूर्वीइतकीच घुमत असते आणि पाणी मात्र कमी फिरते.

तरीसुद्धा नळी साफ करताना जितके नुकसान होते तितके ती घाण राहिल्याने होत नाही, असे मी जे म्हणतो त्याला आधार आहे. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना सारी इमारत काका म्हणते. काकांच्या आठ वर्षांच्या नातवाने साठ लिटरची पेटी आणि सहा सोनेरी मासे ठेवले होते. सहाही माशांना नावे होती, आणि ती क्रिकेटपटूंची होती. काका स्वच्छतेचे मोठे भोक्ते. एका शनिवारी त्यांनी नळीत बाजारचे ब्लीच जसेच्या तसे ओतले, रात्रभर ठेवले, सकाळी ओतून टाकले, नळी दोनदा झटकली आणि तिनेच पेटी भरली. दुपारपर्यंत सहाही मासे पाण्यावर आडवे झाले होते. मुलगा रडला नाही. तो पेटीसमोर पाट घेऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत जेवायला उठला नाही. रात्री काका माझ्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "प्रोफेसर, नळी तर आरशासारखी झाली होती हो."

नळी आरशासारखी झाली होती हे खरेच होते. पण हिशेब काय सांगतो तो पाहा. सहा मीटर लांब आणि बारा मिलिमीटर पोकळीच्या नळीत सुमारे ६८० मिलिलिटर द्रव मावते. ओतून झटकल्यावरही वेटोळ्यांत आणि भिंतींना मिळून वीसेक मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे, सहज राहते. घरगुती ब्लीचमध्ये चार ते पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते. तेव्हा त्या चार चमच्यांत जवळजवळ एक ग्रॅम झाले. ते साठ लिटर पाण्यात पसरले म्हणजे दर लिटरला सोळा मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या पिण्याच्या पाण्यात घरच्या नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असे भारतीय मानक सांगते. माशांचे कल्ले त्या क्लोरिनलाही भितात, म्हणून तर नळाचे पाणी रात्रभर ठेवून मग घालायचे. सोळा मिलिग्रॅमपुढे त्या सहा जिवांचा पाड कसा लागावा?

म्हणून आधी घासणे आणि मग औषध, हा क्रम. चिकट थराच्या आत कोणतेही औषध नीट शिरत नाही. ते वरच्या वर मारते आणि खालचे पुन्हा वाढते. थर घासून काढला तर पुष्कळदा औषधाची गरजच राहत नाही.

गाळणीच्या हातभर नळ्यांना सोपा उपाय आहे. मूठभर जाडे मीठ आणि थोडे पाणी आत घालावे, दोन्ही टोके बोटांनी दाबावीत आणि जोराने हलवावे. पूर्वी आपल्या आया निमुळत्या बाटल्या तांदूळ घालून धूत, तीच ही रीत. पण येथे तांदूळ नको, एखादा दाणा अडकून कुजेल. मीठ विरघळून जाते आणि चुकून चिमूटभर राहिले तरी माशांना त्याचे काही नाही. गाळणीच्या आतले स्पंज आणि खडे मात्र या उत्साहात घासून चकचकीत करू नयेत. अमोनिया पचवणारे जिवाणू तेथेच राहतात. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात ते हलके पिळून घ्यावेत, बस्स.

लांब नळीसाठी दुकानात तारेचे लवचिक ब्रश मिळतात, पण ते टोकापासून वीतदोनवीतच चांगले काम करतात. सहा मीटर तार नळीत ढकलणे म्हणजे सुईत दोरखंड ओवणे. येथे काकांनी पुढे जी युक्ती काढली तिला मी मनापासून दाद देतो. त्या प्रसंगानंतर त्यांनी चार महिने मासे आणले नाहीत. मग नातवाला घेऊन नवी पेटी मांडली, आणि नळी धुण्याचे काम दोघांनी मिळून आपल्या अंगावर घेतले. काका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नळी सरळ खाली सोडतात. एका बारीक पण मजबूत दोऱ्याला छोटा बोल्ट बांधून तो वरच्या तोंडातून आत टाकतात. वजनामुळे बोल्ट दोरा घेऊन खडखडत खाली उतरतो. खाली अंगणात नातू टोक धरून उभा असतो.

"आला का रे?"

"अजून नाही आजोबा... आला, आला!"

मग दोऱ्याच्या वरच्या टोकाला जुन्या सुती धोतराच्या फडक्याची गाठ बांधायची. गाठ पोकळीपेक्षा किंचितच मोठी असावी आणि चांगली ओली करावी. तिच्या मागे दुसरा दोरा बांधायला विसरू नये, म्हणजे मध्येच अडकली तर उलटी ओढून काढता येते. नातू खालून ओढतो, काका वरून पाणी सोडतात, आणि खालच्या तोंडातून हिरवीकाळी पेज बाहेर पडते. तीनचार फेऱ्यांत नळी निर्मळ होते. दोराही नको असेल तर स्पंजचा नळीच्या मापाचा तुकडा तोंडात खुपसून नळाच्या जोराने पलीकडे ढकलता येतो. फक्त नळाला तेवढा जोर हवा, आणि आपल्या गच्चीवरच्या टाक्यांच्या पाण्याला वरच्या मजल्यांवर तो बहुधा नसतो. फडके साबणात धुतलेले असेल तर आधी साध्या पाण्यातून भरपूर खळबळून घ्यावे. साबण हा माशांचा ब्लीचइतकाच वैरी आहे, आणि तो आत गेल्यावर नळीतून लवकर निघत नाही. कढत पाण्याचाही मोह टाळावा. उकळत्या पाण्याने प्लॅस्टिकची नळी मऊ पडून चपटी होते.

एवढ्यानेही डाग राहिले, किंवा पेटीत रोग येऊन गेला असेल, तर औषध. मला स्वतःला हायड्रोजन पेरॉक्साइड पसंत आहे, कारण त्याचे शेवटी पाणी आणि प्राणवायू होतात. औषधांच्या दुकानात ते बहुधा '२० व्हॉल्यूम' म्हणून मिळते, म्हणजे सुमारे सहा टक्के. त्यात तितकेच पाणी घालावे. नळी दोन्ही टोके वर येतील अशी धरून फनेलने भरावी आणि अर्धा तास ठेवावी. आत बुडबुडे फसफसतात. म्हणूनच टोकांना बुचे लावू नयेत, वायूच्या दाबाने ती उडतात. नंतर दोनचारदा साध्या पाण्याने धुतले की झाले.

ब्लीचच वापरायचे असेल तर एक भाग ब्लीचला वीस भाग पाणी. लिटरभर पाण्यात पन्नास मिलिलिटर घातले की सहा मीटर नळी भरून थोडे उरते. पंधरावीस मिनिटे पुष्कळ झाली. रात्रभर ठेवण्यात पुरुषार्थ नाही. मग वाहत्या पाण्याखाली चांगली धुवावी आणि त्यानंतर हायपोच्या पाण्याने भरून दहा मिनिटे ठेवावी. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत फिल्म पक्की करायला वापरत तेच. मत्स्यपेटीच्या दुकानात त्याचे खडे मिळतात. लिटरला एक चमचा पुरतो. क्लोरिनचा ते निकाल लावते. शेवटी पुन्हा साधे पाणी, आणि नळी खडखडीत वाळवून नाकाशी धरावी. थोडासाही वास आला तर ती पेटीत जाता कामा नये.

ब्लीचबरोबर व्हिनेगर, लिंबूफूल किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो माशांच्या नव्हे, माणसाच्याच जिवावर येतो. नळीच्या तोंडाशी पांढरे क्षार बसले असतील तर व्हिनेगर उत्तम, पण ते वेगळ्या दिवशी. पेरॉक्साइडही ब्लीचमध्ये घालू नये. जुन्या माणसांपैकी कोणी मोरचूद सुचवतील. शेवाळ त्याने मरते यात शंका नाही, पण तांबे नळीत आणि पेटीत मागे राहते आणि गोगलगायी, कोळंबी व पुढे मासे यांना भोवते. त्या वाटेला जाऊच नये.

नळीचे तोंड स्वतःच्या तोंडात धरून पाणी ओढायची सवय पुष्कळांना असते. वर वर्णन केलेली पेज ज्याने एकदा पाहिली आहे तो पुन्हा असे करणार नाही, अशी माझी कल्पना होती. ती खोटी ठरवणारे शूर पुरुष मी पाहिले आहेत. नळी संपूर्ण पेटीत बुडवून पाण्याने भरावी, एक तोंड अंगठ्याने बंद करून ते खाली आणावे आणि अंगठा काढावा. धार आपोआप लागते. हातावर जखम असेल तर रबरी मोजे घालावेत. जोसेफ अ‍ॅरन्सन यांनी १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांत क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ शोधून काढला. तो 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' खरचटलेल्या कातडीतून माणसात शिरतो आणि बोटांवर, मनगटावर महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी उठवतो. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरात मासे आहेत हे आवर्जून सांगावे, नाही तर त्यांच्या ध्यानातही येणार नाही.

काही नळ्या थेट नळाला जोडायच्या असतात. नळ सोडला की त्याच्या धारेच्या ओढीने पेटीतले पाणी खेचले जाते, आणि खटका फिरवला की त्याच नळीने ताजे पाणी पेटीत. सोय मोठी, पण पाणी उपसायला बादल्याबादल्या चांगले पाणी मोरीत सोडावे लागते, हे मला आपल्या पाणीटंचाईच्या दिवसांत पटत नाही. शिवाय नळीचे टोक पेटीत बुडालेले असताना इमारतीचे पाणी गेले, तर पेटीतले पाणी उलट नळाच्या पाइपात ओढले जाऊ शकते. शेजारच्यांनी आपल्या माशांचे पाणी प्यावे असे कोणाला वाटणार! भरताना टोक पाण्याच्या वरच ठेवावे.

राहता राहिले ठेवण्याचे. काम झाले की नळीतून एकदा साधे पाणी सोडावे, मग एक टोक वर धरून ते सगळे निथळू द्यावे. गुंडाळून टांगण्यापेक्षा गॅलरीच्या कठड्यावरून किंवा कपड्यांच्या दांडीवरून दोन्ही टोके खाली सोडून दिवसभर लोंबू द्यावी. पोकळीतून वारा खेळला की आत ओल राहत नाही. वाळल्यावर तिला उन्हात न ठेवता कपाटात किंवा काळ्या पिशवीत ठेवावे, कारण सततच्या उन्हाने प्लॅस्टिक पिवळे आणि कडक होते आणि कडक नळीला सुरकुत्या पडल्या की शेवाळाला बसायला ओटे मिळतात. ताजे पाणी भरायची नळी आणि घाण पाणी काढायची नळी अशा दोन वेगळ्या ठेवल्या तर फारच चांगले; काकांच्या नातवाने आपल्या दोन नळ्यांना आत आणि बाहेर अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. नळी वाकवल्यावर पांढरी पडू लागली, किंवा घासूनही तिच्यात बुळबुळ राहिली, तर मात्र तिच्याशी झगडू नये. नवी मीटरवर मिळते आणि फार महाग नसते. जुनी कुंड्यांना पाणी घालायला उत्तम. तुळशीला नळी हिरवी असल्याचे काही सोयरसुतक नसते.